आडवा हात

बास्केटबॉलच्या पंचबाईंनी आयोजकांना आधीच सांगितलं होतं, निळ्या संघात माझ्या नणंदेची मुलगी आहे, या सामन्याला दुसरं कुणी बघा. पण दुसरे पंच तापाने अंथरुणाला खिळलेले. तुमच्यावर कोण बोट ठेवणार, असं आयोजक म्हणाले, आणि बाईंना ते ऐकून बरं वाटलं.

भाची घरी दिवसभर 'मामी, मामी' करत मागे असायची. कोर्टवर मात्र 'मॅडम' म्हणायचं, अशी तिला ताकीद होती.

सामन्यात ती समोरच्या संघातल्या जिला अडवत होती, त्या उंच मुलीला सगळे लंबू म्हणत. लंबूला एक वाईट खोड होती. उजव्या हाताने बॉल टपटपवत घुसताना ती डावा हात अडवणारीच्या कमरेमागे घालायची आणि तिला हळूच मागे खेचून स्वतः पुढे सटकायची. तो हात वाकवून अंगालगत ठेवला तर कुणाची तक्रार नाही. त्याने ढकललं किंवा अडकवलं की फाउल घुसणारीचा. नव्या पंचांना बाई हेच शिकवायच्या. बॉलकडे काय बघता, बॉल कधी फाउल करत नाही, हात बघा.

मध्यंतरानंतर भाची जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, ती हात अडकवतेय." बाईंनी तिच्याकडे न बघताच खेळायला सांगितलं. मघाशी प्रेक्षकांतून कुणीतरी टोमणा मारला होता की पंच घरचीच आहे, निळ्यांची चैन आहे. ते बाईंच्या मनाला फार लागलं होतं.

सामना संपत आला तेव्हा निळे एका गुणाने पुढे होते. लंबू घुसली. तिचा हात भाचीच्या कमरेमागे गेला, कोपर आवळला गेला आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. बाई अगदी जवळ होत्या. त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. त्यांनी शिट्टी फुंकली आणि बोट भाचीकडे केलं.

तो तिचा पाचवा फाउल होता, त्यामुळे ती सामन्यातून बाद. फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो लंबूने बास्केटमध्ये घातले आणि निळे एका गुणाने हरले. भाचीने वाद घातला नाही. टॉवेल तोंडावर घेऊन ती बाकावर बसून राहिली.

लंबूचे कोच मुद्दाम येऊन बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "घरच्या मुलीलाही सोडलं नाहीत. असे पंच आता राहिले नाहीत, मॅडम."

बाई चक्क 'थँक्यू' म्हणाल्या. म्हटल्यावर मात्र कुठे तोंड लपवू असं त्यांना झालं. खोलीत जाऊन त्या बुटाची नाडी सोडू लागल्या. भाचीच्या जागी अनोळखी मुलगी असती तर आपण लंबूला फाउल दिला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाची बाहेर नळावर तोंड धूत होती. मामीला बघून तिनेच समजूत घातली, "तुला दिसलं नसेल गं. मधे गर्दी होती."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सुटका होती.

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "लोक नावं ठेवतील म्हणून घाबरले."

भाचीने नळ बंद केला. "म्हणजे मी तुझी कुणी नसते, तर आम्ही जिंकलो असतो."

 बाई तशाच आयोजकांकडे गेल्या आणि झालं ते सांगितलं. निकाल आता बदलत नाही, उगाच कशाला वाच्यता करता, असं ते म्हणाले. तरीही बाई निळ्यांच्या खोलीत गेल्या आणि सगळ्या मुलींसमोर तेच पुन्हा बोलल्या. 

 कॅप्टन म्हणाली, "मग यापुढे आमच्या मॅचला तुम्ही नसाल ना?"

"नसेन."

भाची कोपऱ्यात बॅग भरत होती. तिने मान वर केली नाही, आणि बाईंनाही तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.