घाटातला दम

सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि शेजारी बसलेल्या फकीर मोहम्मदनं ओळखलं. पिस्टन गेलं होतं.

“काय झालं, फकीरभाई?” उत्तमरावांनी स्टिअरिंगवरूनच विचारलं.

“बंद करा गाडी. इंजिन गेलं.”

राजूर घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी आडवी उभी राहिली. खालून येणाऱ्या बैलगाड्या थांबल्या. एकानं डोकावून विचारलं, “विमानाची गॅस भरली म्हंता ना? मंग उडाली नाई काऊन?” सगळे खो-खो हसले. उत्तमराव हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते खाली उतरून चाकामागे दगड लावू लागले. फकीर मोहम्मदला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो विमानतळावर फिटर होता. इंजिनाला जादा जोर मिळावा म्हणून काही विमानांत एक वायू सोडत. दातांचे डॉक्टर रोग्याला गुंगी द्यायला वापरतात, तोच हा वायू. लढाई संपली आणि तो मोताळ्याला येऊन मोटारी आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला. विमानांची गोष्ट तो सांगायचा आणि लोक करमणूक म्हणून ऐकायचे. खरी मानली ती एकट्या उत्तमरावांनी.

त्याला कारण होतं. उत्तमराव आपल्या जुन्या विलायती मोटारीतून मोताळ्याहून बुलढाण्याला भाडं मारत. घाट आला की निम्मी माणसं उतरवावी लागत. “दवाखान्यात चाल्लेल्या माणसाले म्या घाट पायी चढवतो,” ते एकदा म्हणाले होते. “मले शरम वाटते, फकीरभाई.”

म्हणून फकीर मोहम्मदनं अकोल्यात दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानातून वायूचं निळं नळकांडं आणलं, ते मागच्या डिकीत बांधलं, तांब्याची नळी कार्बोरेटरपर्यंत नेली आणि पुढच्या सीटपाशी तोटी बसवली. पहिल्याच चढाला तोटी उघडली, गाडी हरणासारखी उसळली आणि पिस्टनला भोक पडलं.

चूक कुठं झाली ते त्याला इंजिन उघडल्यावर उमगलं. वायूनं आगीला जोर दिला होता, पण त्या जोराला पुरेल एवढं पेट्रोल तो द्यायला विसरला होता. इंजिन उपाशीपोटी धावलं आणि जळालं. त्यानं दुसरं पिस्टन घासूनपुसून बसवलं. पेट्रोलची एक वेगळी बारीक नळी तोटीसह जोडली. दोन्ही तोट्या एकाच दांडीनं उघडतील अशी सोय केली.

“आता एक डाव चढून पाहू,” तो म्हणाला.

“नाई,” उत्तमराव म्हणाले. “हे गाडी माह्या घराची चूल हाय. जशी चालते तशी चालू द्या.”

फकीर मोहम्मदनं मान हलवली. नळकांडं काढतो म्हणाला, पण त्याचा हात काही त्या कामाला लागेना. दिवस तसेच गेले.

वैशाखातल्या एका दुपारी उत्तमराव धावतच त्याच्या दुकानात आले. त्यांची मुलगी जनका बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळपासून कळा येत होत्या आणि सुईण मंजुळाबाईंनी हात टेकले होते.

“मूल आडवं हाय म्हंते. बुलढाण्याले न्या म्हंते, पण पोरीले उतरवू नोका, चालवू नोका. सर्विसची मोटर गेली, दुसरी संध्याकाळी.” उत्तमरावांनी त्याचा हात धरला. “ते नळकांडं हाय का अजून?”

“हाय.”

“खरं सांगा. चढंन?”

फकीर मोहम्मदला हो म्हणून टाकता आलं असतं. “उभ्या गाडीत चालवून पाह्यलं,” तो म्हणाला. “भार घेऊन नाई. चढंन असं मले वाटते. पण कसम खाता येत नाई.”

उत्तमराव लगेच दाराकडे वळले. “चला,” ते म्हणाले.

जनका मागच्या सीटवर आडवी होती, तिचं डोकं मंजुळाबाईंच्या मांडीवर होतं. राजूर मागे पडलं. पहिल्या वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागली. चाकं जेमतेम फिरत होती.

“द्या!” उत्तमराव ओरडले.

फकीर मोहम्मदनं दांडी ओढली. इंजिनाचा आवाज एकदम भरून आला आणि गाडीनं वळण घेतलं. तो कान देऊन ऐकत होता. इंजिनात ठोक्याचा, म्हणजे बिघाडाचा, आवाज आला असता तर त्यानं वायू तत्क्षणी बंद केला असता. ठोका आला नाही. सपाटी आली की तो दांडी परत ढकलायचा, चढ आला की ओढायचा. तांब्याच्या नळीवर भर वैशाखात पांढरं दव गोठलं होतं. तोटी आणि तिची दांडी बर्फासारखी झाली होती आणि त्याची बोटं दांडीला चिकटत होती.

“बाप्पा, चढून राह्यली!” मंजुळाबाई मागून म्हणाल्या. “जनके, चढून राह्यली गाडी, दम धर!”

शेवटच्या वळणाच्या अलीकडे वायू संपला. नळीतली सूं-सूं थांबली. फकीर मोहम्मदनं लगेच दांडी ढकलून जादा पेट्रोल बंद केलं. गाडी पुन्हा कण्हू लागली.

“थांबू नोका!” तो ओरडला आणि दार उघडून त्यानं खाली उडी टाकली. भार हलका झाला. मग त्यानं मागून खांदा लावला. गाडी थरथरली, अडली, पुन्हा सरकली. वळण पार करून ती पुढे गेली तेव्हा तो रस्त्यात गुडघ्यावर बसला होता. वर पठारावर गिअर बदलल्याचा आवाज त्याला ऐकू आला. दुसरा. मग तिसरा.

तो पायी चालत बुलढाण्याला पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. दवाखान्याच्या अंगणात कडुलिंबाखाली गाडी उभी होती. उत्तमराव पायरीवर बसले होते. त्याला पाहून ते उठून पुढे आले.

“ऑपरेशन करा लागलं. पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत.”

“अल्लाचा शुकर,” फकीर मोहम्मद म्हणाला आणि सवयीनं बॉनेटकडे वळला. “रेडिएटरात पाणी टाकलं का? तापलं असंल.”

“टाकतो.” उत्तमराव हापशावर गेले, बादली भरून तांब्यासकट आणली आणि गाडीपाशी ठेवली. मग त्यांची नजर त्याच्या पांढऱ्या पडलेल्या, साल निघालेल्या बोटांवर गेली. त्यांनी तांब्या बुडवून घेतला.

“गाडीचं मंग पाहू,” ते म्हणाले. “हात करा पुढं.”

फकीर मोहम्मदनं हात पुढे केला. उत्तमराव त्यावर धार धरून पाणी ओतत राहिले.