पाठीवरचा हात

फेब्रुवारीत वित्स्केबाई कालव्याकाठच्या बर्फावर सायकलसकट आडव्या झाल्या, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून लेकीने एकच धोशा लावला: आता सायकल पुरे. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काही पोरवय नव्हे, कबूल. पण दोन महिने दर रविवारी लेकीच्या गाडीत बसून गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात जायचं, सामान भरायचं, परत यायचं, आणि वाटेत एका माणसाने म्हणून ‘बरंय ना?’ विचारायचं नाही. याला काय बाजार म्हणायचं? पोतं नेऊन आणल्यासारखं वाटायचं त्यांना.

त्या शुक्रवारी आफके, त्यांची लेक, आली ती ठरवूनच. “उद्या तुझी सायकल न्यायला माणूस येतोय, आई.”

“मला न विचारता?”

“विचारलं की तू विषय बदलतेस.”

वित्स्केबाईंनी सायकलची किल्ली उचलली. “मग आज चल माझ्याबरोबर. बाबांची सायकल घे. पाव, औषधं, चीज, मासळी. घरी येईपर्यंत वाटेत दमून एकदा जरी पाय टेकला, तर किल्ली तुझ्या हातात. नाहीतर तो माणूस आल्या पावली परत.”

आफके लगेच हो म्हणाली. कोण हरणार हे तिला ठाऊक होतं.

जाताना वारा पाठीशी होता. वळणाआधीच भट्टीतल्या पावाचा वास आला, आणि वित्स्केबाईंना दोन महिन्यांची भूक एकदम लागली. औषधांच्या दुकानासमोर शेजारीण भेटली, तिच्या सुनेला जुळं झाल्याचं कळलं. ही बातमी गाडीच्या काचेतून कधी आली असती? चीजवाल्याने नेहमीसारखा एक तुकडा चाखायला दिला. पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. कांद्याची पात यादीत नव्हती, पण दिसली म्हणून थांबल्या, घेतली. मासळीवाला हेसल लांबूनच म्हणाला, “काय वित्स्केकाकू, मला वाटलं तुम्ही वर गेलात.”

“तुझी मासळी खाऊन गेले नाही, आता कशाने जाते?”

आफके हसली. मग तिला उद्याची आठवण झाली असावी, कारण हसू अर्ध्यावरच थांबलं.

परतीची वाट समुद्राच्या बांधावरून. फ्रिसलंडच्या सपाट मुलखात डोंगर नाहीत, पण समोरून येणारा वारा डोंगरापेक्षा कमी नाही. बांधाच्या अर्ध्या चढावर वित्स्केबाईंचा श्वास तोंडातून यायला लागला. चाक डुगडुगायला लागलं. झालं, आता पाय टेकणार, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पाठीवर हात आला.

त्या दचकल्या नाहीत. सेहेचाळीस वर्षं याच चढावर डाउवेंचा, त्यांच्या नवऱ्याचा, हात असाच यायचा. तेही काही न बोलता शेजारून चालवत राहायचे, आणि हात चढ संपेपर्यंत तिथेच असायचा. आफके समोर बघत होती. तिच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी काढलं होतं, की ती रडत होती, कोण जाणे.

दारात आल्यावर वित्स्केबाईंनी चाकाचं कुलूप लावलं. ते लावल्याशिवाय किल्ली निघतच नाही. ती काढून त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवली. “हरले मी. तू ढकललंस म्हणून आले.”

“तू हरावीस म्हणूनच आले होते,” आफके म्हणाली. “हात आपोआप गेला. बाबा ढकलायचे तेव्हा तू हरायचीस का?”

“ते रोज होते गं.”

आफकेने किल्लीकडे बघितलं, मग त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. “दर शुक्रवारी मी येईन,” ती म्हणाली. “पण मधले दिवस किल्ली माझ्याकडे.”

आठवड्यातले सहा दिवस हातचे गेले, एक राहिला. वित्स्केबाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पंप घेऊन पडवीत गेल्या आणि दोन्ही सायकलींत हवा भरली. शुक्रवारला अजून सहा दिवस होते.