मनातलं वाचन

दुपारच्या सुट्टीनंतर शाळेतून जराही आवाज येत नाही, ही गोष्ट गहिनीनाथ आबांच्या कानावर गेली आणि त्याच दिवशी मास्तराचं डोकं फुटलं.

नेकनूरजवळच्या त्या गावात नुकतंच एसटीडीचं खोकं आलं होतं, पण शाळा अजून कानांनीच तपासली जायची. पाढ्यांचा गलका वेशीपर्यंत आला की मास्तर शिकवतोय, असं लोक समजायचे. नवे श्रीशैल गुरुजी वडवणीच्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. त्यांनी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आणून पोरांपुढं उपडी केली. "हवं ते घ्या. ओठ हलवायचे नाहीत. मनात वाचायचं."

"मनात वाचलेलं तुमाला कसं कळंल, गुरुजी?" एकानं विचारलं.

"मला कशाला कळायला पाहिजे?"

हे उत्तर सत्यशीलाला फार आवडलं. ती तिसरीत होती. सरपंच गहिनीनाथ आबांची नात. तिनं सायाळीच्या पिल्लाचं पुस्तक घेतलं होतं. आधी ओळीखाली बोट ठेवून, मग बोटाशिवाय. आज पिल्लू फासात अडकलं होतं. शिकाऱ्याची कुत्री वास काढत जवळ आली होती. दोन पानं उरली होती.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

आबा काठी घेऊनच आत आले. पोरं माना खाली घालून बसलेली. गुरुजीही पुस्तकात डोकं घालून.

"झोपा काढायचा पगार खातो का बे?"

"वाचन चाललंय, आबा."

"मुडदे बशिवल्यावानी? आमी पोथी वाचली तर चार गल्ल्या ऐकू जाती. तोंड न हलवता कुटं वाचतेत का?"

गुरुजींना हसू आलं. तेच नडलं. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी कपाळावर. वाळलेला ढलपा फुटावा तसा आवाज सत्यशीलाला ऐकू आला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. पोरं भिंतीला चिकटली. आबांनी पेटी लाथाडली आणि ते नातीपुढं उभे राहिले.

"तू काय वाचलं? म्हण मोठ्यानं."

"मनात वाचलं, आबा."

थोबाडीत बसली. तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"म्हण!"

"न्हाई. पिल्लू अडकलंय. दोनच पानं राह्यलीत."

आबांनी पुस्तक हिसकलं. ती त्यांच्या हाताला कडकडून चावली. तोंडात खारट चव आली तरी तिनं दात सोडले नाहीत. आबांनी तिला झटकलं आणि पुस्तक खिडकीतून मागच्या विहिरीत भिरकावलं.

सत्यशीला धावत सुटली. उन्हाळ्यात ती पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकली होती. डब्याशिवाय कधीच नाही. काठावरून तिला पुस्तक दिसलं, पाण्यावर पालथं, हळूहळू जड होत चाललेलं. तिनं उडी घेतली.

पाणी नाकातून थेट कपाळात घुसलं. पुस्तक हाती लागलं, पण वर येता येईना. हात मोकळे असते तर जमलं असतं, आणि पुस्तक तर सोडायचं नव्हतं. कुणीतरी तिचे केस धरून वर खेचलं. गुरुजी होते. त्यांचं रक्त पाण्यात धुरासारखं पसरत होतं. त्यांनी पोहऱ्याचा दोर तिच्या काखेखालून आवळला. वर दोर ओढत होते आबा. चावलेल्या हाताचं कातडं दोराला सोलून निघत होतं आणि ते बेभान ओरडत होते, "मास्तर! वाचली का? बोल की बे! वाचली का पोरगी?"

एक कान अजून वाजत होता, पण सत्यशीलाला प्रश्न नीट ऐकू आला. दोराला लोंबकळत, पाणी ओकत ती ओरडली, "न्हाई आबा! दोन पानं राह्यलीत म्हणलं न्हाई का!"

काठावर कुणी हसलं नाही.

वर आल्यावर तिनं पुस्तक तापलेल्या फरशीवर उघडून ठेवलं आणि शेजारी दगड घेऊन बसली. आबा जवळ आले की दगड वर जायचा. नेकनूरला टाके घालायला जीप सुरू करून ठेवली होती, पण डोक्याला हळद दाबून बसलेले गुरुजी म्हणाले, "तिचं होऊ द्या."

ऊन कललं तेव्हा पानं सुटली. सत्यशीला ओठ न हलवता वाचायला लागली. आबा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. एका ओळीवर तिच्या भुवया वर गेल्या, श्वास अडकला. मग तिनं पान उलटलं. शेवटी पुस्तक मिटलं.

"काय झालं? वाचलं का ते पिल्लू?" आबांनी विचारलं.

तिनं पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं. दगड मात्र हातातच ठेवला.

"मनात वाचायचं," ती म्हणाली. "आवाज आला तर हाणीन."