ग्लेनरॉयचं झाड

क्लोटिल्डाने नकाशावरची वादळाच्या पुढच्या वाटेची रेघ पाचव्यांदा खोडली. खोडून खोडून तिथला कागद इतका विरला होता की शेजारचं ग्वादलूप बेट नकाशातून गायबच झालं होतं. रेडिओवरचा बाबा पहाटे पाचला म्हणाला, वादळ सरळ आपल्या डोमिनिकावर येतंय. अकराला म्हणाला, जरासं उत्तरेला सरकलंय, पण सावध राहा. मग कोण वारलं, कोणाला कधी पुरणार ते सांगून त्याने गाणी लावली. या लोकांना एकदाचं काय ते ठरवायला काय होतं?

तिला ठरवायचं होतं ते झाडाचं. स्वयंपाकघराला लागून उभ्या नीरफणसाच्या तीन दांडग्या फांद्या छपरावर आल्या होत्या, फळांनी लगडलेल्या. वारा सुटला की त्या पत्रे फोडणार हे कोणीही सांगितलं असतं. शेजारचा नॉर्बर सकाळपासून करवत घेऊन दोनदा वर चढला आणि दोनदा खाली उतरला. कारण झाड तिच्या मुलाचं, ग्लेनरॉयचं होतं. तो जन्मला तेव्हा त्याची नाळ तिथे पुरून वर रोप लावलं होतं. ज्याची नाळ त्याचं झाड. त्याला विचारल्याशिवाय कोणी कोयता लावत नाही.

आणि ग्लेनरॉय होता बर्मिंगहॅमला, बस चालवत. आठ वर्षांपूर्वीच्या वादळात झाड बुंध्याशी मोडलं, छप्पर उडालं. क्लोटिल्डाने वर्ष काढलं ताडपत्रीखाली, मग तो येऊन नवे पत्रे ठोकून गेला. त्यानंतर आला नाही. पण वादळाची खडानखडा माहिती त्याला असायची. रेडिओच्या आधी त्याचा फोन.

"आई, हवामानखात्याचं विमान आत्ताच वादळातून जाऊन आलंय. केंद्र अजून वर आहे. झाडाला हात लावू नकोस."

"पहाटे तूच म्हणालास, आपल्यावर येतंय."

"तेव्हा तसं दिसत होतं."

"मग संध्याकाळी काय दिसेल?"

ते तो संध्याकाळी बघून सांगणार होता. क्लोटिल्डाचं डोकं उठलं. बाहेरून नॉर्बर विचारत होता, "मा क्लो, चढू की उतरू ते तरी सांगा. माझ्या खिडक्या ठोकायच्या राहिल्यात." नॉर्बरचंही खरंच होतं.

दोन वाजता ग्लेनरॉयने कळवलं की वादळ पुन्हा किंचित खाली आलंय, पण ते असं डगमगतंच, काळजी नको, थांब. थांब म्हणायला त्याचं काय जातंय! समुद्राचा आवाज बदलला होता, कोंबड्या दुपारीच खुराड्यात शिरल्या होत्या.

"माझं छप्पर गेलं तर?" तिने विचारलं.

"कसं जाईल? आई, कमरेएवढं ते झाड. ते छपराला काय करणार?"

क्लोटिल्डाने छपरावरच्या फांद्यांकडे पाहिलं. मग तिला आठवलं. तो गेला तेव्हा मोडक्या बुंध्याशी नवा फुटवा कमरेएवढाच होता, आणि त्याभोवती त्याने स्वतः दगड रचले होते. भर समुद्रातलं वादळ कुठल्या घटकेला कुठे आहे हे याला पाठ, आणि आईच्या डोक्यावर काय वाढलंय ते ठाऊक नाही. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनवर झाडाबद्दल कोण बोलतं? तिला त्याचा राग आला आणि स्वतःचाही आला.

"नॉर्बर," तिने खिडकीतून हाक मारली, "फांद्या उतरव, आणि बुंधाही खालून छाट."

फोन तिने बंद केला नाही, तसाच खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने पहिली फांदी खाली आली तेव्हा ओट्यावरची भांडी वाजली.

"आई, काय पडलं हे?"

"तुझं झाड. अजून दोन फांद्या आहेत, ऐकत बस."



वादळ उत्तरेनेच गेलं. क्लोटिल्डाच्या गावात, ला प्लेनला, नुसता पाऊस पडला, पत्र्याचा एक खिळासुद्धा हलला नाही. सगळ्या आळीने नीरफणस भाजून खाल्ले, क्लोटिल्डाने मात्र आपला वाटा नॉर्बरला देऊन टाकला. पोराचं बरोबर निघालं होतं, आणि आता तो ते ऐकवणार, म्हणून फोन वाजला तरी ती बराच वेळ उठली नाही.

त्याने वादळाचं नावही काढलं नाही.

"आई, किती उरलंय गं ते?"

क्लोटिल्डाने खिडकीतून पाहिलं.

"तुझ्या कमरेएवढं," ती म्हणाली.