मुकादमांनी बंदर बुडवलं

तिला सगळे मुकादम म्हणत. आधी बंदरावरचे लोक म्हणायला लागले, मग नवरा थट्टेनं म्हणायला लागला, आणि शेवटी ती ज्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची तिथले मालकही "मुकादम, वरचा जबडा झाला का?" असं विचारू लागले. तिलाही ते आवडायचं. नावात वजन होतं.

बंदर मात्र खरं नव्हतं. इंटरनेटवरचा एक ग्रुप होता तो, शब्दांत वसवलेलं एक गाव. ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं, कुणी नावाडी, कुणी चोर, कुणी वैद्यीण, आणि त्या पात्राच्या वतीनं लिहायचं. एकानं लिहिलं, 'मी होडी धक्क्याला लावली', की दुसऱ्यानं लिहायचं, 'मी दोर पकडला.' अशी गोष्ट पुढे सरकायची. पण ती भरकटू नये म्हणून कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. नव्याला आत घ्यायचं की नाही, दोघांची जुंपली तर कोण चुकलं, वादळ कधी येणार, जहाज कुठे फुटणार, हे सगळं ठरवावं लागतं. ते ती ठरवायची. गावात तिचं पात्रही मुकादमाचंच होतं, धक्क्यावरच्या हमालांच्या मुकादमाचं.

गाव तिनं एकटीनं वसवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती आणि तिची नणंद जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून लिहायच्या. नणंद नवऱ्यापेक्षा लहान, म्हणून घरात सगळे तिला धाकटी म्हणत. ती त्यांच्याच घरी राहायची आणि पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. नणंद-भावजयीचं कुठे पटतं का, असं म्हणणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं इतकं दोघींचं पटायचं. मग एकदा मुकादम कामावर असताना धाकटीनं दोन नवी माणसं गावात घेतली. मुकादमनं संध्याकाळी त्यांना बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं, 'प्रवेशाबाबत माझा शब्द शेवटचा.'

"वहिनी," धाकटी त्या वेळी म्हणाली होती, "तू माझ्या हातात झाडू देतेस, किल्ली देत नाहीस." आणि ती गावातून निघून गेली. तेव्हापासून एकत्र जेवायला बसल्या तरी दोघींचं बोलणं 'पाणी देऊ का' आणि 'नको, आहे' यापलीकडे जात नव्हतं.

गाव मात्र वाढत गेलं. ओळखीच्यांचे ओळखीचे आले, मग कोण कुठले आले. सकाळी चूळ भरता भरता मुकादम तक्रारी वाचायची, बसमध्ये उत्तरं लिहायची, जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर ठेवून न्यायनिवाडा करायची. भांडणं खोट्या गावातली असली तरी रुसवे खरे असायचे. कुणाच्या पात्राला कुणी उत्तर दिलं नाही, की तो माणूस थेट तिला विचारायचा, मी नको असेन तर तसं सांगा. मग त्याची समजूत घालायची. तोवर दुसरा रुसलेला असायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "हे तुझं बंदर आहे की दुसरं सासर? तिथेही सगळ्यांची मर्जी सांभाळतेस, आणि तिथेही कुणी चहा विचारत नाही."

पूर्वी ती यावर हसायची. हल्ली हसू येईना. हल्ली फोन थरथरला की ती दचकायची, आणि थरथरला नाही तर दर मिनिटाला उचलून बघायची. वजन उतरलं होतं. लॅबच्या बाथरूममध्ये नळ सोडून ती रडायची आणि तोंड धुऊन पुन्हा मेणात दात बसवायला यायची.

अशाच एका दुपारी चोर आणि सावकारीण यांचं पेटलं. म्हणजे ती पात्रं लिहिणाऱ्या दोघांचं. सावकारीण म्हणत होती, हा गोष्टीच्या आडून मला शिव्या देतो. चोर म्हणत होता, चोर काय आरती म्हणेल का? दोघांनाही निकाल आत्ता हवा होता. मुकादमच्या समोर दोन रुग्णांचे प्लॅस्टरचे साचे होते, आणि एक डोळा फोनवर होता. एका आजोबांच्या साच्यावर तिनं भलत्याच बाईंसाठी निवडलेले दात बसवले. कवळी तयार केली, घासली, चमकवली आणि दवाखान्यात पाठवूनही दिली. आजोबा बिचारे तोंड उघडून बसले आणि वरच्या-खालच्या दातांचा मेळ काही बसेना. बाईंना तर दातच उरले नव्हते.

मालकांनी तिला आत बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसलो. पुन्हा असं झालं तर हातही नको आणि तुम्हीही नको."

घरी जाताना बसमध्ये तिनं सगळ्या गावासाठी लिहिलं, 'मला आता झेपत नाही. कुणी हातभार लावेल का?' एवढं लिहायलाही तिला तीन थांबे लागले. उत्तरं धडाधड आली. 'मुकादम, तुम्ही आहात म्हणून बंदर आहे.' 'तुमची सर कुणाला येणार?' 'काळजी घ्या हं.' त्याखाली लाल बदाम. बुडत्याला काडी हवी होती, आणि लोक तिच्या गळ्यात हार घालत होते.

एकच जण कामाचं बोलला. तो दीपगृहाचा रखवालदार लिहायचा. त्या पात्राच्या खांद्यावर कायम एक कावळा बसलेला असे, म्हणून त्या माणसालाच सगळे कावळा म्हणत. त्यानं लिहिलं, 'मी करतो. आधीही म्हणालो होतो.' म्हणाला होता खरा, आणि तिनं दर वेळी 'बघू' म्हणून टाळलं होतं.

तिनं त्याच्याकडे नव्या लोकांचं काम दिलं. तो ते नीट करत होता. पण त्यानं एखाद्याला होकार दिला की मुकादम पुन्हा सगळं वाचायची. त्यानं लिहिलेलं स्वागत गुपचूप बदलायची. त्यानं मिटवलेलं भांडण पुन्हा उकरून आपल्या पद्धतीनं मिटवायची. काम काही कमी झालं नाही, काळजी मात्र दुप्पट झाली. मग त्यानं माशांशी बोलणारी एक कोळीण गावात घेतली. मुकादमनं सगळ्यांसमोर लिहिलं, 'आपल्या गावात मासे बोलत नाहीत. प्रवेश रद्द.'

कावळ्याचा निरोप आला. 'मुकादम, तुम्हाला मदतनीस नकोय. तुम्हाला आणखी दोन हात हवेत, आणि तेही तुमचेच.'

त्यानंतर त्यानं गोष्टीत एक ओळ लिहिली. 'रखवालदारानं दिवा विझवला, आणि तो जिना उतरून निघून गेला.' झालं. कावळा गेला.

पुढच्या रविवारी सकाळी नवरा एका इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. मुकादमनं दूध तापत ठेवलं आणि फोन हातात घेतला. दीपगृहावर आता कोण? वादळ कधी येणार? माझ्या नावाड्याला आठवडाभर उत्तर का नाही? कावळ्याला तुम्ही घालवलंत का? ती वरून खाली वाचत गेली, खालून वर वाचत गेली. दूध उतू गेलं. ते ओट्यावरून खाली ठिबकत होतं आणि ती बघत होती. उठून गॅस बंद करायचा एवढंसुद्धा तिच्यानं होईना. तिच्या मनात आलं, माणसं कमी असती तर. आणि मग तिनं लिहायला घेतलं.

गावाचा नियम होता की समुद्राबद्दल मुकादम जे लिहील ते घडलं. तिनं लिहिलं, पाणी आधी मागे गेलं, इतकं मागे की तळातले खडक उघडे पडले. मग ते परत आलं. धक्का गेला, बाजार गेला, वैद्यिणीचं घर गेलं, दीपगृह कमरेत मोडलं. शेवटी तिनं लिहिलं, 'कुणीही वाचलं नाही.'

आणि पाठवून दिलं.

क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं उठून गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. अर्धा पुसून होईपर्यंत फोन गप्प होता. मग एकानं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. दुसऱ्यानं विचारलं, 'मुकादम, हे कुणाचं तरी स्वप्न आहे ना? गोष्टीतलं?' तिसरा शिव्या देऊन निघून गेला, त्याच्यामागे आणखी काही गेले. मग वैद्यीण लिहिणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्या कधी कुणाशी भांडल्या नव्हत्या. 'वैद्यीण माझ्या आईवरून लिहिली होती. आई गेल्यावर तिचं बोलणं विसरू नये म्हणून. तुम्ही एका ओळीत तिला मारलंत.'

मुकादम फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत खाली बसली. नवरा अवजारांची पिशवी घेऊन आला तेव्हा ती तिथेच होती, हातात ओलं फडकं धरून.

"मी सगळ्यांना मारलं," ती म्हणाली.

त्याच्या हातातली पिशवी गळून पडली. "कुणाला?"

तिनं फोनकडे बोट दाखवलं. त्यानं वाचलं, आणि सुटल्यासारखा म्हणाला, "अगं, खेळ ना तो!" मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं.

"मला इथून उठायचं नाही," ती म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. कधीच उठायचं नाही."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावला आणि मग बहिणीला.

डॉक्टरांनी तिला कामावरून रजा घ्यायला लावली, गोळ्या दिल्या, एकटीला ठेवू नका म्हणून नवऱ्याला बजावलं. धाकटी रोज तलावावरची पाळी संपली की ओल्या केसांनीच थेट घरी यायची. पहिले काही दिवस ती बंदराचं नावही काढत नव्हती. भांडी घासायची, वहिनीच्या केसांना तेल लावायची, शेजारी बसून राहायची. शेवटी मुकादमच म्हणाली, "एकदा बोलून टाक. तू म्हणत होतीसच."

"म्हणत होते," धाकटी म्हणाली. "पण मला बरोबर ठरायचं नव्हतं, वहिनी. तलावावर आम्ही थोड्या थोड्या वेळानं माणूस बदलतो. दमलेला माणूस पाण्याकडे बघत असतो, पण त्याला बुडणारा दिसत नाही. मी तर तुझ्याच समोर जेवत होते. मलाही तू दिसली नाहीस."

धाकटीनं तळहात पसरला.

"किल्ल्या दे," धाकटी म्हणाली.

"तू माझ्यासारखं करणार नाहीस."

"नाहीच करणार. मी माझ्यासारखं करीन, दुसरा त्याच्यासारखं करील. चालेल तुला?"

"नाही चालणार," मुकादम म्हणाली आणि रडायला लागली. रडत रडतच तिनं फोन पुढे केला.

आपल्या खात्यातून शेवटचं म्हणून तिनं गावाची माफी मागितली. धाकटीनं ती वाचून दाखवायला सांगितली, आणि 'पण' ज्या ज्या वाक्यात होता ती वाक्यं काढायला लावली. मग धाकटी लोकांच्या मागे लागली. सावकारीण तयार झाली, भांडणं मिटवायला. तिला भांडणांचा अनुभव दांडगा होता. बाहेर काढलेली कोळीणही तयार झाली, नव्या लोकांचं स्वागत करायला. कावळा मात्र येईना. चार वेळा नाही म्हणाला. पाचव्यांदा त्यानं अट घातली. चौघांनी पाळीपाळीनं बघायचं, पाळी संपली की फोन खाली ठेवायचा, एकाचा निर्णय दुसऱ्यानं एकट्यानं फिरवायचा नाही. आणि मुकादमांना सध्या कशालाच हात लावता येणार नाही.

"सध्या म्हणजे किती?" मुकादमनं विचारलं.

"ते आम्ही चौघं ठरवू," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण शब्द बदलला नाही.

लाट खरीच आली, असं चौघांनी ठरवलं. ती पुसायची नाही. पण मुकादमची शेवटची ओळ त्यांनी मोडीत काढली. काही लोक टेकडीवर होते, ते वाचले. त्यांनी फळकुटं गोळा करून पुन्हा वस्ती केली. परतलेल्यांची संख्या निम्मीही नव्हती. कोळिणीचे मासे आता गावभर बोलत होते, आणि लोक त्यांना उत्तरंही देत होते.

मुकादम लॅबमध्ये परत गेली. मालक सध्या तिला फक्त घासण्याचं काम देत होते, दात बसवायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती गाव वाचायची. तिला वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. वाऱ्याची दिशा चुकलेली दिसायची, एखाद्याचा निर्णय साफ पटायचा नाही, आणि अंगाची लाहीलाही व्हायची. कधी वाटायचं, मी नसतानाही चाललंय म्हणजे मी इतकी वर्षं केलं ते काय होतं? हे ती धाकटीला विचारायची. धाकटी म्हणायची, "आज जेवलीस का नीट?"

वैद्यीण परत आली नाही. मुकादमनं त्या बाईंना स्वतंत्र माफी लिहिली होती. ती वाचली गेल्याची खूण दिसत होती, उत्तर नव्हतं. एकदा तिनं पुन्हा लिहायला घेतलं, तर धाकटीनं अडवलं. "आता त्यांना त्रास देऊ नकोस. हे तुला असंच सहन करावं लागणार."

त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुकादमनं डबा बंद केला, मशीनवर जाऊन बसली, आणि कुणाच्या तरी खालच्या जबड्याची खरखरीत कड घासायला घेतली. कड गुळगुळीत व्हायला बराच वेळ लागणार होता.