जोडघराचं धाबं

चुडामणने काठी धाब्याच्या मातीत खुपसली, नखाने खूण धरली आणि वर काढून पाहिली. माती सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत होती, बोटभरही कमी नव्हती. म्हणजे चोरी अजून व्हायची होती.

पाच वर्षं तो डोळ्यांत तेल घालून हे पाहत आला होता. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तो धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, खारी मातीचा नवा थर द्यायचा. खारीतून पाणी झिरपत नाही, म्हणून तापीकाठी सगळेच देतात. मार्गशीर्षात तो बैल बघायला चार दिवस सारंगखेड्याच्या यात्रेला जायचा, आणि परत येऊन काठी घालावी तर माती खाली गेलेली. काठीवर सगळ्यात वरची खाच भरल्या थराची; दर वर्षी माती कुठवर गेली, त्याची एकेक खाच त्याने तिच्याखाली पाडली होती. धाबं गळत मात्र कधी नव्हतं. त्याचा विचार त्याने केला नाही.

चोर लांबचा नव्हता. धाब्याच्या मधोमध विटांची एक ओळ होती, आणि ओळीपलीकडे धाकट्या भावाचं, नवलचं घर. नवल जाऊन पाच वर्षं झाली होती. मागे राहिली होती त्याची बायको, कौसाबाई.

गाव या घराला जोडघर म्हणायचं. बापाने दोन पोरांसाठी बांधलेलं: दोन दारं, दोन चुली, मध्ये एक भिंत. पण तोरणमाळच्या जंगलातून बारा बैल लावून आणलेला सागाचा सर, ती लांबलचक तुळई, कापायला बापाचं मन धजलं नाही. त्याने ती भिंतीतून आरपार नेली. दोन्ही धाबी तिच्यावरच टेकलेली होती.

मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात नवल म्हणाला होता की सर पोखरला जातोय, मातीचा भार पेलणार नाही. दादा, नवी माती चढवतोस तशी जुनी उतरवत जा. चुडामणला मनातून हसू आलं होतं. आज माती उतरव म्हणतोय, उद्या घर उतरव म्हणेल. पुढे शेजारच्या गुलाबबाईच्या तोंडी तसाच निरोप आला, तेव्हा त्याने गुलाबबाईशीही बोलणं टाकलं. कौसाबाईने स्वतः येऊन सांगणं शक्यच नव्हतं. जेठापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, या घरातल्या सुना तोंड उघडत नसत. आणि मध्यस्थीला चुडामणची बायको छबूबाईही आता नव्हती.

या वर्षी, बासष्ट साली, त्याने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. शहाद्याहून गाडीभर विटा आणून अंगणात रचल्या. धाब्यावर मधोमध कमरेएवढी भिंत घालायची. भटू गवंडी उद्या यायचा होता. त्याआधी चोर हाती लागला तर पंचांपुढे बोलायला तोंड राहील. दशम्या बांधून, गाडी जुंपून तो सगळ्या गल्लीला दिसेल असा यात्रेला निघाला. वेशीबाहेर ओळखीच्याच्या खळ्यात गाडी सोडली आणि भर दुपारी मागच्या शिडीने परत वर चढला.

कौसाबाई त्याच्याच बाजूला होती. पन्नाशीची बाई धापा टाकत फावड्याने माती खरवडून टोपलीत भरत होती.

"चोरी करी ऱ्हायनी का?"

तिने पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. पळाली मात्र नाही. टोपली तिथेच ठेवून ती आपल्या शिडीने उतरली आणि घराचं दार सताड उघडं टाकलं. उघड्या दाराचा अर्थ चुडामणला कळत होता. तो गेला, पण भांडायच्या तयारीनेच गेला.

चुलीपुढे, ऐन वाटेत, कडुनिंबाचं जाड खोड उभं होतं. सराला लावलेला टेकू. चुलीपाशी जायचं तर अंग चोरून जावं लागत असणार. कौसाबाई तोंड फिरवून उभी राहिली आणि नवऱ्याचं नाव न घेता त्या खोडाशी बोलली.

"त्यास्नी सांगेल व्हतं दादास्ले. दादास्ले खोटं वाटनं. सर तिकडला बाजूनी पोकळ व्हयी ग्या. तिकडलं धाबं पडनं, ते इकडलं बी पडी."

"नि माटी कोठे जास?" त्यानेही खोडालाच विचारलं.

"दारपुढे. गल्लीना खड्डामा."

दोन्ही दारांपुढचा तो खड्डा तीनेक वर्षांत बुजला होता. आपोआप बुजला, असं चुडामण समजत होता.

तो आपल्या घरात आला. सर वरून काळा, तुकतुकीत. दर दिवाळीला तो त्याला तेल लावायचा. पाटावर चढून त्याने काठीचं टोक त्यात दाबलं. काठी शिरली. एक खाच आत गेली, दुसरी गेली. सगळ्याच गेल्या, तेव्हा वाळवीसकट भुसा त्याच्या तोंडावर पडला. तो तसाच पाटावर उभा राहिला. नवलच्या आठवणीने त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी भटू आला आणि चार विटा उचलून शिडीकडे वळला.

"वर नको, भटू. मन्हा घरमा खांब घाल."

आणि वरची भिंत, असं भटूने विचारलं. चुडामण सरळ धाब्यावर गेला. कालची टोपली अर्धी भरून तशीच पडली होती. फावडं उचलून तो उरलेली भरू लागला. थोड्या वेळाने पलीकडच्या शिडीने कौसाबाई वर आली, तोंडावर पदर घेऊन. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. भरलेली टोपली विटांच्या ओळीपलीकडे सरकवली आणि त्या टोपलीलाच सांगितलं,

"नवलनी खरं सांगेल व्हतं."

तिने टोपली डोक्यावर घेतली.