तीन नंबरची ठिणगी

मी बोलतोय तो गाडीच्या पुढच्या खणातून. एक मळका हातरुमाल, मशेरीची डबी, गजऱ्याच्या दोऱ्याचं रीळ आणि मी, असा आमचा चौघांचा संसार आहे. मला स्कॅनर म्हणतात. तळहातावर मावेल एवढा डबा, चार बटणं, आगपेटीएवढा पडदा आणि हातभर वायर. वायरच्या टोकाला सोळा दातांचं तोंड. ते तोंड गाडीच्या स्टिअरिंगखाली खुपसलं की गाडी माझ्या कानात कुजबुजते आणि मी लगेच तिची चहाडी करतो. चहाडखोर म्हणून मला पूजेत बसवतात, हे पुढे सांगेनच.

माझं शिक्षण बेताचं. एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे, एवढंच मला लिहिता येतं. पण तेवढ्यावर मी भल्याभल्यांची भंबेरी उडवलेली आहे. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. चिठ्ठी झिजून गेली. आता मीही सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

माझा पहिला मालक सोमनाथ, सातपूरचा गॅरेजवाला. हात चांगला, पण सोंग त्याहून चांगलं. गिऱ्हाईक आलं की मला गाडीला लावायचा आणि मी सुरू व्हायच्या आधीच तीन वेळा मान हलवायचा. मी म्हणायचो, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडलंय. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "सेन्सर गेला." पोट दुखतं म्हटलं म्हणून डॉक्टर लगेच पोट बदलत नाहीत, गाडीचं मात्र बदलतात. मी कुठे दुखतं एवढंच सांगतो, का दुखतं ते माणसानेच शोधायचं असतं. हे सोमनाथला ठाऊक होतं, म्हणून तर तो कधी बोलला नाही. मला हसू यायचं, पण माझ्या पडद्यावर हसायची सोय नाही.

पुढे त्याने मोठा टॅब्लेट घेतला आणि मला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे काचेच्या कपाटात, दोन भोंगे आणि एका आरशाच्या मध्ये, मी दोन वर्षं धूळ खाल्ली. आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे नव्वदी. मला वाटलं, आता भंगार.

तेवढ्यात पितृपंधरवड्यात एका सकाळी सुमनबाई दुकानात आल्या. मातोरीच्या. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा घातलेल्या, पायात बूट आणि बोटाला गाडीची किल्ली. शेतात झेंडू आणि शेवंती, आणि रोज सकाळी स्वतः गाडी चालवत नाशिकच्या फुलबाजारात. गाडी म्हणजे जुनी पेट्रोल व्हॅन, जिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं तसली.

"गाडीचं दुखणं सांगणारं यंत्र हाय का?" त्यांनी विचारलं.

गल्ल्यावर दुकानदाराची मुलगी संध्या होती. "आहे ना मावशी. तुमचा मेकॅनिक कोण?"

"मीच."

संध्याने चहा खाली ठेवला. मग बाईंनी सगळं सांगितलं. गाडी बाजारात जाताना मधेच आचके देते, पिवळी बत्ती लुकलुकते. मेकॅनिककडे नेली की शहाण्यासारखी उभी राहते. दोनदा ठिणगी पाडणारी कॉइल बदलली, एकदा प्लग बदलले, दुखणं तिथेच. घरधनी सावळीराम कंटाळला. पिंपळगावच्या रावजीला द्राक्षांचे क्रेट न्यायला गाडी हवी होती. सावळीरामने त्याला शब्द देऊन टाकला. पितरांच्या दिवसांत रावजी गाडी हलवणार नव्हता, म्हणून घटस्थापनेचा मुहूर्त धरलेला.

"गाडी गेली की फुलं दुसऱ्याच्या टेम्पोत," बाई म्हणाल्या. "त्यो नेईल तवा, त्यो सांगल त्या भावात. बाजारातली माझी जागा दुसरी बाई धरल. आठ दिवस हायेत माझ्याकडं."

"पण मावशी, पितरपाठात नवी वस्तू घेताय?"

"नवी कोण घेतंय? ते म्हातारं काढ की कपाटातलं."

म्हातारं म्हणजे मी. पण त्यांनी मला लगेच उचललं असं समजू नका. ही बाई वांगं दाबून बघितल्याशिवाय टोपलीत टाकत नाही. "आधी माझ्या गाडीला लावून दाखव," म्हणाल्या, आणि दुकानातली तीन यंत्रं रस्त्यावर निघाली.

पहिलं पिटुकलं, अंगठ्याएवढं. ते गाडीत खोचायचं आणि बाकी सगळं मोबाइलवर बघायचं. दिसायला गोड. पण बघता बघता बाईंना हारवाल्यांचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा पडद्यावरचे आकडे गायब झाले. "माझा फोन फुलांचा हाय," बाई म्हणाल्या, "ह्याच्या नावावर करायचा नाय."

दुसरा टॅब्लेट, पाटाएवढा. संध्या कौतुकाने सांगायला लागली, हा किल्ली बनवतो, एअरबॅग बघतो, ऐंशी कंपन्यांच्या गाड्या वाचतो.

"माझी एकच हाय."

"आणि दरवर्षी थोडे पैसे भरून नवीन माहिती घ्यायची."

"म्हंजी विकत नाय, खंडानं हाय," असं म्हणून बाईंनी तो अदबीने परत दिला. एवढा मोठा जीव, तोंड एवढंसं करून पिशवीत गेला. मी कुणाच्या पडतीला हसत नाही, पण त्या दिवशी हसलो.

मग मी. संध्याने मला लावलं. पडद्यावर आलं, दोष नाही. बाई खट्टू होतील असं मला वाटलं. त्यांनी उलट एकच प्रश्न विचारला, आणि नऊ वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता.

"बत्ती लागते त्या घटकेला इंजिन किती तापलं होतं, किती पळत होतं, ह्ये धरून ठेवतं का कुठं?"

"गाडी धरून ठेवते, मावशी. हा वाचून दाखवतो. स्वस्तातले सगळे नाही दाखवत. पण कुणी बॅटरीची वायर काढली, की गाडी सगळं विसरते."

बाईंनी माझी वायर स्वतः काढून गुंडाळली. मग म्हणाल्या, "आमचे मालक त्येच करत्यात. बत्ती लागली की पाना घेऊन वायर काढायची, विझली की म्हणायचं, झाली बरी."

आता कुणी विचारेल, बाईंना अहोजाहो करतोस आणि त्यांच्या नवऱ्याला अरेतुरे का? तर यासाठी. ज्याने माझ्या तोंडचा घास इतक्यांदा हिरावला, त्याला मी काय रावसाहेब म्हणू?

त्या संध्याकाळी मातोरीला ओट्यावर सावळीरामने मला उलटंसुलटं करून बघितलं. "इंजिनाच्या पोटात काय हाय, ते ह्या चार बटणांना कळणार व्हय?"

"तुमाला एवढ्या वर्षांत कळलं नाय, त्याला चार दिस तरी द्या. आन बॅटरीला हात लावायचा नाय."

"बत्ती लागली तर?"

"लागू द्या. मला ती लागलेलीच पायजे."

सोमवारी आठ क्रेट झेंडू भरला. मखमलाबादच्या अलीकडे गाडीने आचका दिला, बत्ती लुकलुकली. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि माझं बटण दाबलं. मी माझी पाच अक्षरं लिहिली. त्यांचा अर्थ एवढाच, की तीन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी चुकते आहे. खाली बारीक अक्षरांत होतं, सुरू होऊन अकरा मिनिटं, पाणी चौसष्ट अंश. बाईंनी ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतलं. मंगळवारी पुन्हा झेंडू, पुन्हा तीन नंबर, बारा मिनिटं. दोन्ही दिवशी परत येताना गाडी लोण्यासारखी.

बुधवारी शेवंती नेली, कागदात गुंडाळून. काही नाही. मी दिवसभर उपाशी.

दुसरा कुणी असता तर तिसऱ्यांदा कॉइल बदलून मोकळा झाला असता. मी चांगले चांगले मिस्त्री पाहिले आहेत, पण पुढे बाईंनी जे केलं ते मी कुठे पाहिलं नव्हतं. गाडी झेंडूने भरली की रडते, हलक्या शेवंतीने नाही, असं का? ओझ्याने? गुरुवारी दुपारी त्यांनी झेंडूच्या वजनाएवढं शेणखत पोत्यांत भरलं, पोती गाडीत रचली आणि निघाल्या. मखमलाबादपर्यंत गेल्या आणि तसंच खत घेऊन परत आल्या. शेजारची नवसाबाई कुंपणाशी उभी होती.

"काय गं सुमन, शेणखताला हवापालट?"

"व्हय. त्येला देवदर्शन घडवून आणलं."

सावळीराम कपाळाला हात लावून बसला. "आता रावजी गाडी घ्यायच्या आधी डॉक्टर आणावा लागंल."

पण पुठ्ठ्यावर बाईंनी लिहिलं, ओझं नाही. मी त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. एवढे आकडे मी आयुष्यात दाखवले, पण एक शंका खोडून टाकण्यासाठी कुणी गाडीभर खत फिरवलं नव्हतं.

उत्तर सापडलं ते शुक्रवारी पहाटे, बादलीत. झेंडू सुकू नये म्हणून बाई गोणपाट भिजवून क्रेटवर पांघरतात. सासूने शिकवलेली रीत, रोजचीच, त्यामुळे ती कधी पुठ्ठ्यावर आली नव्हती. गोणपाट पिळता पिळता त्यांचा हात थांबला. शेवंतीला गोणपाट नव्हतं. खताला नव्हतं. त्यांनी पुढचं सीट उचललं आणि टॉर्च मारला. सीटमागच्या क्रेटखालून तांबूस ओघळ निघून सरळ तीन नंबरच्या कॉइलपर्यंत गेला होता. गाडी चालली की पाणी झिरपायचं, ठिणगी चुकायची. बाजारात फुलं उतरली आणि इंजिनाच्या उबेने कॉइल सुकली, की गाडी शहाणी. मेकॅनिकपुढे ती नेहमी सुकूनच जायची. आणि सावळीराम नेहमी आठवण पुसूनच न्यायचा.

"अहो, हिकडं या," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. "माझीच चूक हाय ही. मीच रोज तिच्या डोक्यावर पाणी घालत व्हते."

सावळीरामला बोलायची एवढी नामी संधी उभ्या संसारात मिळाली नसेल. त्याने तोंड उघडलंही. पण बाई अजून टॉर्च फिरवत होत्या. "आन हितं इंजिनाच्या झाकणाला काळी रबराची पट्टी व्हती ना? पाणी आत जाऊ नये म्हणून. ती कुठं गेली?"

उघडलेलं तोंड मिटलं. भिंतीवर फवारणीचा पंप लटकत होता. त्याच्या गळक्या नळीला काळं रबर गच्च आवळून बांधलेलं. नवराबायको दोघंही पंपाकडे बघत राहिली.

"चांगलं रबर व्हतं," शेवटी सावळीराम म्हणाला. "वाया जात व्हतं तिथं."

बाई हसायला लागल्या त्या सीट धरून खालीच बसल्या. मग तोही.

नवी पट्टी बसली. ओल्या गोणपाटाखाली जाड ताडपत्री आली. शनिवारी आठ क्रेट झेंडू गेला, रविवारी दहा. बत्ती नाही, आचका नाही. पण सावळीरामचा शब्द अजून रावजीकडे होता, आणि दिलेला शब्द काही बॅटरीची वायर काढून पुसता येत नाही.

घटस्थापनेला सावळीराम स्वतः बाजारात आला. मला मांडीवर घेऊन, लहान पोराला डोंगर दाखवावा तसा माझा पडदा पुढे धरून, मखमलाबादच्या अलीकडे श्वास रोखून बसला. मी काही लिहिलं नाही. पुढे पंचवटी आली तेव्हा त्याने श्वास सोडला.

परत आलो तर रावजी ओट्यावर. पिशवीत नारळ आणि हार, गाडीसाठीच.

"बोला सावळीरामकाका. किल्ली?"

सावळीरामने मला हातातून खाली ठेवलं नाही. "रावजी, शब्द मी दिला व्हता, त्यो माझा. माफी मागतो. पर गाडी तिची हाय. मी न विचारता दिली. आता तिलाच इचार."

रावजीने बाईंकडे बघितलं. बाईंनी किल्ली कमरेला खोचली.

"चहा घे आधी," त्या म्हणाल्या. "दुसरी गाडी बघायला जाशील तवा मला ने. ह्यो म्हातारा संगं आणते. कुणी बॅटरीची वायर काढून बत्ती विझवली असंल, तर गाडीच्या आतल्या तपासण्या ह्याच्यावर अपुऱ्या दिसत्यात, घ्यायच्या आधीच कळंल."

रावजीने हार पिशवीतच राहू दिला. मग नारळ त्याने देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि चहा मागितला.

खंडेनवमीला ओट्यावर पाट मांडला. खुरपं, विळा, पंप, पाना, आणि मधोमध मी. सोमनाथकडेही खंडेनवमी व्हायची, पण तिथे मी ड्रॉवरमध्ये असायचो. सावळीराम तांब्यात आंब्याचा डहाळा बुडवून सगळ्या अवजारांवर पाणी शिंपडत आला. माझ्यापाशी पोचला, तेवढ्यात बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"त्याला पाणी नको. आता तरी शिका."

त्यांनी स्वतःच्या पदराने एक झेंडू पुसून कोरडा केला आणि माझ्या पडद्यावर ठेवला.

तेव्हापासून मी या खणात आहे. पाच अक्षरं लिहायची वेळ आलेली नाही. खोटं कशाला बोलू, कधी कधी हात शिवशिवतात. एखादी बत्ती लागावी, बाईंनी मला बाहेर काढावं, असं वाटतं. मग लाज वाटते. तुम्ही माझ्यासारखा कुणी घ्यायला जाल, तेव्हा त्याला किती येतं ते विचारू नका, तुमच्या गाडीचं काय येतं ते विचारा. तुमच्याच गाडीला लावून बघा. बत्ती पुसायच्या आधी वाचा. आणि तो जे सांगेल ते पुठ्ठ्यावर लिहून घ्या, कारण तो अर्धंच सांगतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी सुमनबाई लागतात, आणि त्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. मी काचेच्या कपाटात दोन वर्षं वाट बघितली, तेव्हा कुठे एक मिळाली.